पट्ट्यावरचा मांडव

नागपूर, १४ मे १९७४

चि. मनकर्णा हिस वामनचे अनेक आशीर्वाद.

परवा तुला शाळेच्या ओसरीत बसलेली सोडून निघालो. काय बोलावे ते सुचले नाही, म्हणून छत्री राहिल्याचे निमित्त करून एकदा परत आलो, तरीही सुचले नाही. सावनेरला बस बराच वेळ थांबली. तिथे चहा घेतला. चहा चांगला लागला, आणि त्याचीच लाज वाटली.

आगीत गोविंदराव गेले हे लिहितो आहे, पण ते हाताने लिहिले जाते, आत कुठे पोचत नाही. तुझी वहिनी रडते. मी कचेरीत जातो, नकाशे काढतो, घरी येतो.

आता मुद्द्याचे. अडुसष्टच्या आगीत अर्धी सालईबर्डी जळाली, तेव्हा गाव पुन्हा बसवायची आखणी आमच्या खात्याने माझ्याकडे दिली होती. जंगलाच्या अंगाला रुंद मोकळा पट्टा ठेवला, त्यावर झाड नाही, कडबा नाही, कपाशीच्या पऱ्हाटीची काडी नाही. गवताची छपरे काढून कवेलू घातले. दोन घरांमध्ये बैलगाडी वळेल एवढी जागा सोडली, वळचणीच्या लाकडांना मातीचा लेप दिला. 'ओव्हरसीअर साहेबानं गावाची हजामत करून देली' म्हणून लोक हसले होते, आठवते ना? त्यानंतर दोनदा जंगल पेटले आणि दोन्ही वेळा आग पट्ट्याशी येऊन विझली. मग हसणे बंद झाले.

आणि आता ही आग. साहेब विचारतात, एवढे सगळे होते तर आग आत आली कशी? कारण ठरल्याशिवाय नव्या घरांना कवेलू आणि लाकूड मंजूर होणार नाही, आणि पावसाआधी छपरे व्हायला हवीत. अहवाल मलाच लिहायचा आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली. तिथे विचारवली नाही. तुझ्या जयाच्या लग्नाचा मांडव पट्ट्यावर घालायला मीच होकार दिला होता. एवढी सपाट, सारवलेली जागा गावात दुसरी नव्हती. जेवायला बसलो तेव्हा जांभळीच्या ओल्या डहाळ्यांखाली काय गारवा होता! 'जया परतणीला माहेरी येऊन मांडवाखालून गेली की त्याच दिवशी उतरवा' एवढे सांगून मी निघालो. पुढे जया आणि जावई मार्तंडराव कामठीहून माझ्याकडे जेवायला आले आणि मी त्यांना ठेवून घेतले. महाराजबाग दाखवली, अंबाझरीला नेले. परतणी लांबली. पण गोविंदराव शहाणे होते. वाळलेला मांडव त्यांनी तसाच ठेवला नसणार. उतरवलाच असेल. तेवढे दोन ओळींत कळव.

तुझा,
वामनदादा


सालईबर्डी, २० मे १९७४

ती. दादास मनकर्णाचा नमस्कार.

पत्र मिळालं. माझ्या नावामागे 'सौ.' नव्हतं. बरोबरच आहे. तरी कुणा दुसरीचं पत्र उघडलं असं वाटलं.

आम्ही अजून शाळेतच आहोत. शेजारच्या धोंडबाचं बिऱ्हाड आमच्याच वर्गात आहे. मधे फळा आडवा लावलाय. त्याची बायको भीमाबाई दोन्ही वेळचं माझंही रांधते. मला भूक लागते आणि मी जेवते. मीठ कमी पडलं तर मागून घेते. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहतात. काल भीमाबाई म्हणाली, "रड वं बाई एकदाची, मोकळी हो." मी म्हटलं, "आणू कोठून?" मग तीच रडली.

घराच्या जागी गेले होते. कवेलू फुटून पडलेत. पाटा-वरवंटा शाबूत आहे. तिथे बराच वेळ बसले आणि काही वाटलं नाही, म्हणून उठून आले.

तू विचारलंस त्याचं उत्तर. मांडव आधीच उतरवला होता. जयाचे बाबा बैल सोडवायला गोठ्यात गेले आणि वरून आढं पडलं. वारा फार होता त्या दिवशी. वाऱ्यापुढे कोणाचं चालतं?

वहिनीला सांग, लुगडी मिळाली. जयाला इथे पाठवायची घाई करू नका. तिच्या सासरची माणसं चांगली आहेत, राहू दे तिला.

तुझी,
मनकर्णा


नागपूर, २६ मे १९७४

चि. मनकर्णा हिस आशीर्वाद.

मांडव उतरवला होता ही तुझी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वहिनीलाही वाचून दाखवली. खरे सांगतो, तुझ्या दुःखाच्या पत्रातून मी आधी तीच ओळ शोधली, आणि ती सापडल्यावर पहिल्यांदा नीट झोपलो. तू काय म्हणायचे ते म्हण.

मात्र कोडे सुटत नाही. आमचा एक माणूस जाऊन जागा पाहून आला. तो सांगतो की आग जंगलातून धोंडबाच्या शेताच्या काटेरी कुंपणाला लागली. कुंपण पट्ट्याच्या काठापर्यंत येते. तिथून पट्ट्यावर राखेचा जाड थर आहे, सरळ तुझ्या ओसरीपर्यंत. म्हणजे पट्ट्यावर काहीतरी होते. मोकळ्या मातीवरून आग चालत येत नाही, आणि वारा ठिणग्या आणतो, राख अंथरत नाही. मांडव नव्हता, तर पऱ्हाट्या होत्या. आणि त्या जागी पऱ्हाट्या रचणारा धोंडबाशिवाय दुसरा कोण? मागे एकदा मी त्याला याच कारणावरून खडसावले होते. तेव्हा कान धरून 'आता नाही रचत, साहेब' म्हणाला होता.

अहवालात त्याचे नाव घालतो आहे. पट्टा अडवणाऱ्याला नव्या गावठाणात जागा द्यायची नाही, असे ठरते आहे. कडक वाटेल, पण एकाच्या आळसापायी सगळे गाव जळते. नियम पाळायचे नसतील तर त्याने गावाबाहेर खुशाल झोपडी बांधावी.

जया काल आली होती. वाळली आहे. 

तुझा,
वामनदादा


सालईबर्डी, ३१ मे १९७४

ती. दादास नमस्कार.

धोंडबाचं नाव घालू नकोस. त्याच्या पऱ्हाट्या त्याच्या घरामागे होत्या, तुझ्या नियमाप्रमाणे, आणि तिथेच जळाल्या. त्याचंही घर गेलं. त्याच्या दोन्ही हातांना फडकी बांधली आहेत, भीमाबाई त्याला घास भरवते. हात कसे भाजले ते तुझ्या माणसाने विचारलं नाही वाटतं. जयाच्या बाबांना त्यानेच ओढून काढलं. जीव होता तेव्हा अजून.

इथे बातमी आधीच पोचली आहे. धोंडबा नुसता भिंतीकडे तोंड करून पडून असतो. भीमाबाईने काल माझ्या ताटात नेहमीसारखी भाकरी वाढली आणि विचारलं, "बाई, आमी कोठी जाऊ वं?" मी भाकरी खाल्ली. बरी होती.

वारा लिही, दादा. सगळ्यांचं भलं होईल.

मनकर्णा


नागपूर, ५ जून १९७४

चि. मनकर्णा हिस आशीर्वाद.

वारा लिहिता येत नाही. वाऱ्याला नियम लावता येत नाही. उद्या दुसऱ्या गावांची आखणी याच अहवालावरून होणार. कारण चुकीचे लिहिले तर उपाय चुकीचा होईल आणि पुन्हा कोणीतरी मरेल. एवढे तुला समजते, तू काही अडाणी नाहीस.

धोंडबाने गोविंदरावांना बाहेर काढले, त्याचे उपकार आहेतच. म्हणून पट्ट्यावरची राख नाहीशी होत नाही. तू शेजार सांभाळते आहेस. मी काय सांभाळू? माझा मेहुणा गेला. लग्नात ज्याच्या पंगतीला बसून मी श्रीखंड खाल्ले, तो चौदा दिवसांत गेला. कोणाचा तरी दोष आहेच. धोंडबाचा राग आला की मला बरे वाटते, मनकर्णा. बाकी सगळा वेळ काहीच वाटत नाही. दाढी करताना आरशात बघतो तर कोणी तिऱ्हाईतच दिसतो.

अहवाल सोमवारी जातो. यावर आता लिहू नकोस.

वामनदादा


सालईबर्डी, ८ जून १९७४

ती. दादास नमस्कार.

शाळेचे मास्तर उद्या नागपूरला निघालेत, त्यांच्या हाती हे पाठवते. पोस्टाने गेलं तर सोमवार उलटेल.

मांडव उतरवला नव्हता.

ती राख मांडवाची आहे. जांभळीची पानं दोन दिवसांत वाळली, चौथ्या दिवशी वाऱ्याने पापडासारखी वाजायला लागली. जयाचे बाबा रोज वर बघायचे आणि म्हणायचे, "हे काढून टाकू." मी नको म्हटलं. पहिली लेक, परतणीला येणार आणि वर उघडं आभाळ? लोक काय म्हणतील? ते म्हणाले, "तुया भावाचा नियम आहे." मी म्हटलं, माझ्या भावानेच सांगितलं आहे, लेक आली की उतरवा. आता लेक त्याच्याकडेच आहे, तो पाठवेल तेव्हा येईल. मग त्यांनी तो विषय सोडला. तुझ्या शब्दाला किती मान द्यायचे तुला माहीत आहे. तरी त्यांनी सावनेर बसच्या कंडक्टरजवळ निरोप पाठवला होता, मांडव वाळला, पोरीला लवकर पाठवा म्हणून. तुला मिळाला नसेल. असे निरोप कुठे पोचतात.

दुपारी कुंपण पेटलं. गावात पुरुष माणूस थोडंच होतं. बैल मीच आधी सोडून दिले होते. जयाचे बाबा कोयता घेऊन मांडवाकडे धावले. दोऱ्या तोडून तो घरापासून ओढून दूर करायचा असं त्यांच्या मनात होतं. अर्ध्या दोऱ्या तोडल्यासुद्धा. मग सगळाच्या सगळा पेटता मांडव त्यांच्या अंगावर आला. धोंडबा आत घुसला, दुसरं कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. 

हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू आलास तेव्हा कोणी तुझ्यापुढे तोंड उघडलं नाही, कारण मी तसं सांगून ठेवलं होतं. लेक तुझ्याकडे चार दिवस सुखात राहिली, तिला ठेवून घेतलं हे तुला जन्मभर टोचत राहू नये, म्हणून खोटं लिहिलं. मला वाटलं, एवढं खोटं कोणाला लागणार नाही. ते धोंडबाला लागलं.

माझ्यावर खापर फोड, माझं काही जायचं राहिलेलं नाही. धोंडबाच्या डोक्यावर फोडू नकोस. त्याची जागा गेली तर मी त्याच्या शेजारी झोपडी घालून राहीन, तुझ्या कवेलूखाली येणार नाही. आणि जयाला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला एवढंच माहीत आहे की बाबा गोठ्यात गेले.

मनकर्णा


नागपूर, २१ जून १९७४

चि. मनकर्णा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र मास्तरांनी रविवारी हाती दिले. ते दारातच उभे होते, त्यांना बसा म्हणायचेसुद्धा भान राहिले नाही. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली.

सोमवारी पहिला अहवाल फाडला आणि दुसरा लिहिला. लग्नाचा मांडव पट्ट्यावर होता, कुंपणापासून घरापर्यंत. तो वाळला, उतरवला नाही. घालायची परवानगी ओव्हरसीअर वामनराव यांनी तोंडी दिली, आणि उतरवायचा दिवसही त्यांनीच मुलीच्या परतण्यावर टाकला. शेवटी धोंडबाचे नाव आले आहे, पण ते एक माणूस आगीतून काढणारा म्हणून. जागेच्या यादीत तो आहे. साहेबांनी वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला. रागावले नाहीत. मला आखणीच्या कामावरून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवले आहे. तेथे माझे बरे चालले आहे. शिक्के मारायचे असतात.

नियमात एक कलम वाढवले, तेवढे माझ्या हातून झाले. पट्ट्यावर मांडव नाही, एका दिवसाचाही नाही. लग्नाचा मांडव गावाच्या आतल्या बाजूला, चावडीपुढे, आणि वऱ्हाड निघाले की त्याच संध्याकाळी उतरवायचा. परतणी मांडवाशिवाय. म्हातारी माणसे बोंब मारतील. मारू देत.

आता निरोपाचे. निरोप मला मिळाला होता. कंडक्टरने घरी येऊन सांगितला. मी कामात होतो, हो म्हटले आणि विसरलो. तुझे पत्र वाचल्यावर आठवले. म्हणजे हा दोष सर्वस्वी माझा आहे, तुझा नाही आणि दुसऱ्या कोणाचाही नाही.

कामठीला जाऊन आलो. जयाला भेटलो. तिला काही ठाऊक नाही, मी काही सांगितलेले नाही.

मला माफ कर असे लिहिणार होतो. तो शब्द फार हलका वाटला, म्हणून लिहीत नाही.

वामनदादा


सालईबर्डी, ७ जुलै १९७४

ती. दादास मनकर्णाचा नमस्कार.

जागा मोजून मिळाल्या. धोंडबाची माझ्या शेजारीच आहे. त्याला दोरी धरता येत नव्हती, म्हणून त्याच्या बाजूची मी धरली. कवेलू यायचे आहेत, तोवर वर पत्रे टाकून दिलेत. शाळा सुटली एकदाची. मी माझी जागा पट्ट्याला लागून मागितली. तिथे कोणी घ्यायला तयार नव्हतं. कोणीतरी राहून त्यावर लक्ष ठेवायला हवं.

ठेवते आहे. पाऊस लागल्यापासून गवत भराभर वाढतं, ते उपटत असते. परवा गावातला लहानू आला होता. त्याच्या पोरीचं लग्न पुढच्या वैशाखात आहे. म्हणाला, "मनकर्णाबाई, एकाच दिवसाचं तं काम आहे. चावडीपुढं वऱ्हाड मावन काय?" मी नाही म्हटलं. तो चिडला. "आपल्या पोरीच्या येळी बरा चालला," म्हणाला आणि निघून गेला. खरंच आहे त्याचं. मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. गवत उपटून झाल्यावर हात धुतले.

जया मंगळवारी आली. एकटीच, सांगितल्या-विचारल्याशिवाय, हातात पिशवी. चहा ठेवला तर घेईना. म्हणाली, "आई, निरोप मामाजीले नाही भेटला. ते आफिसात होते. कंडक्टर दारात आला, मीच समोर होती. 'तुया बापानं सांगतलं, मांडव वाळून राहिला, लवकर ये.' मी हो म्हटलं अन् कोणालेच सांगतलं नाही. मले आणखी दोन दिवस राहाचं होतं." मग म्हणाली की तुला हे तिने कामठीलाच सांगितलं होतं. "मामाजी म्हणे, हे आता माह्या नावावर राहू दे. तू तुया आईले काही बोलू नको."

तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, दादा. तू विसरणाऱ्यातला नाहीस. लहानपणी आईने शेजारी सांगायला दिलेला निरोपसुद्धा तू वाटेत म्हणत म्हणत जायचास.

मी उठले आणि तिच्या कानाखाली मारली. दारात, सासुरवाशीण पोरीला. भीमाबाई समोर भांडी घासत होती, ती आत निघून गेली. जया रडली नाही. पुन्हा मार म्हणाली. दुसऱ्यांदा हात उचलला तो वरच राहिला, आणि मग मलाच रडू आलं. किती वेळ रडले कोण जाणे. तीच घाबरून पाणी द्यायला लागली, पाठीवरून हात फिरवायला लागली. मला कसलं मोकळं वाटलं नाही. डोकं दुखलं तेवढं.

रात्री आम्ही भात खाल्ला. तिने तिसऱ्यांदा मागून घेतला. मी तिला काहीच म्हटलं नाही, तुझी चूक नाही असंही नाही आणि तुझीच चूक असंही नाही. मला येईल तेव्हा म्हणेन. ती जायला निघाली तेव्हा मी तिची पिशवी ठेवून घेतली.

ती सध्या इथेच आहे. मार्तंडरावांना तेवढं कळव.

तुझी,
मनकर्णा